एका दमाचं वाक्य

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. चिडायचं नाही आणि रोज चालायचं. या दोन गोष्टी एकत्र जमण्यातल्या नव्हत्या. चालायला जागा होती ती घरामागच्या अंगणात, अंगणाच्या मधोमध भिंत होती आणि भिंतीपलीकडं मन्मथ राहत होता.

मन्मथ माझा धाकटा भाऊ. अकरा वर्षं आमचं बोलणं बंद होतं. भिंत मीच घातली, डोक्याच्या वर जाईल एवढी, म्हणजे त्याचं तोंड बघायला नको. कारण विचाराल तर सांगतो, मला ते सांगायला कधीच लाज वाटली नाही. आमची आई, आम्ही तिला अव्वा म्हणायचो, शिरूर अनंतपाळला याच घरात मन्मथकडं वारली. मी तेव्हा देगलूरला शाळेत मास्तर होतो. सकाळी आठला फोन आला. मिळेल त्या एसटीनं निघालो, ती उदगीरच्या अलीकडं बंद पडली, दुसरी भरून आली, तिसरीत उभं राहून आलो. पाच वाजता शेतात पोचलो तर चारलाच माती देऊन झाली होती. एक तास. त्या हलकटाला थोरल्या भावासाठी एक तास थांबवलं नाही. ओल्या मातीसमोर मी त्याला जे बोलायचं ते सगळ्या गावासमोर बोललो आणि त्यानंतर बोललो नाही. तोही खाली मान घालून उभा होता, एक शब्द काढला नाही. चोराला काय तोंड असणार, असं मी तेव्हा म्हणालो.

निवृत्त झालो आणि सिद्धम्माला, म्हणजे बायकोला, घेऊन घराच्या माझ्या अर्ध्यात राहायला आलो. पुढं दोन हजार सोळाच्या फेब्रुवारीत लातूरला माझी बायपास झाली. छाती उभी कापली, हाड तारेनं शिवलं, डाव्या पायातली शीर काढून हृदयावर बसवली. घरी आलो तेव्हा खोकायचं झालं तरी उशी छातीशी कवटाळून खोकायचो. उचलायचं नाही, ओढायचं नाही, ढकलायचं नाही, तीन महिने. आयुष्यभर ज्यानं दुसऱ्यांना उठाबशा काढायला लावल्या, त्याला खुर्चीतून उठताना हाताचा आधार घ्यायची मनाई. चिडू नका म्हणे!

व्यायाम शिकवायला दवाखान्यात केंद्रे मॅडम होत्या, माझ्या एखाद्या जुन्या बॅचच्या पोरींएवढ्या. दर सोमवारी त्यांचा फोन यायचा. पाच मिनिटांपासून सुरुवात, मग सात, मग दहा. मी विचारलं, "जास्त होतंय का कमी, हे मला कळणार कसं? माझ्याकडं मशीन न्हाई."

"मशीन कशाला, सर? बोलत चाला," त्या म्हणाल्या. "चालता चालता एक पूर्ण वाक्य एका दमात बोलता आलं तर चाल बरोबर आहे. गाणं म्हणता येत असेल तर तुम्ही आळस करताय. आणि दोन-तीन शब्दांवर श्वास घ्यावा लागला तर लगेच थांबायचं. खाली बसायचं. शरीर सांगत असतं, ऐकायची सवय लावून घ्या."

मी तीस वर्षं मराठी शिकवलं. वाक्य कशाला म्हणतात हे मला एका पोरीनं शिकवावं याचा आधी राग आला. पण गोष्ट पटली. प्रश्न एवढाच होता की बोलायचं कुणाशी. सिद्धम्मा पहाटेपासून टँकरच्या रांगेत घागरी लावून उभी असायची. त्या साली नळाला पाणीच नव्हतं, बोअर आटले होते, लातूरला तर रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती. म्हैस चारा छावणीवर ठेवली होती. अंगणात राहिला होता फक्त तिचा खुंटा.

आणि भिंतीपलीकडं मन्मथ होता.

आमच्याकडं बोलणं बंद असलेली माणसं गप्प बसतात असा कुणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. नियम एवढाच, की त्या माणसाला थेट बोलायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही. जनावराला बोलायचं, भांड्याला बोलायचं, आभाळाला बोलायचं. ज्याला लागायचं त्याला बरोबर लागतं.

तेव्हा एके सकाळी, ऊन चढायच्या आत, मी भिंतीलगत चालत खुंट्याला म्हणालो, "खुंट्या, जगात एकेक माणसं असतात बाबा, पाइपाचं अन् मोटारीचं दुकान टाकून बसतात अन् त्यांच्याच घरी प्यायला थेंब नसतो."

वाक्य एका दमात झालं. चाल बरोबर होती. छातीत ओढ नव्हती, पोटऱ्या जरा भरल्या होत्या एवढंच. मला फार बरं वाटलं.

पलीकडून मन्मथचा आवाज आला. तो त्याच्या पाण्याच्या रिकाम्या ड्रमाशी बोलत होता. "ड्रमा, ऐकून राहिलास का? काही मास्तरांनी जन्मभर पोरं बडवली, आता बडवायला कुणी न्हाई तर खुंट्याला शिकवून राहिलेत."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या दिवशी मी पाचाऐवजी सात मिनिटं चाललो.

तिथून रोजचंच झालं. मन्मथ घरात एकटाच होता. पाण्याच्या हालामुळं त्याची बायको नांदेडला लेकीकडं जाऊन राहिली होती. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, जमिनीत पाणीच नाही तर मोटार कोण घेणार? मी चालायला लागलो की त्याच्याही चपला वाजायला लागायच्या. आधी उभा राहून बोलायचा, मग तोही चालत बोलायला लागला. मी पूर्वेकडं वळलो की तोही पूर्वेकडं. विषय पुष्कळ होते. उदगीर जिल्हा होणार अशी हवा तेव्हा जोरात होती आणि शिरूर कुठं जाणार यावर चावडीवर भांडणं व्हायची. मन्मथ उदगीरवाला. म्हणून मी लातूरवाला.

"खुंट्या, नवा जिल्हा झाला की काही दुकानदारांना कलेक्टर येऊन हार घालणार हाय म्हणं."

"ड्रमा, काही लोकांचं लातूरवर लई प्रेम, कारण तिथल्या डॉक्टरानं छाती उघडून बघितली तर आत काहीच सापडलं न्हाई."

हे त्याचं वाक्य मला आवडलं, हे मी आज कबूल करतो. तेव्हा मेलो असतो तरी केलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी मन्मथच्या हृदयात दोन स्टेंट बसवले होते, हे मला सिद्धम्माकडून कळलं होतं. ती मला चोरून त्याला भिंतीवरून भाकरी देते हेही मला माहीत होतं, पण मी न बघितल्यासारखं करायचो. भाकरीवर भांडलो असतो तर मलाच करून खावी लागली असती. तिनंच सांगितलं, "भावजींनी गोळ्या बंद केल्यात. म्हणून राहिलेत, आता मला काय धाड भरली?"

"मरू दे," मी म्हणालो.

एप्रिल संपत आला तोवर मी वीस मिनिटांवर आलो होतो. केंद्रे मॅडम खूश होत्या. आणि खरंच, शरीर म्हणजे काय हे मला एकसष्टाव्या वर्षी कळायला लागलं होतं. बाराव्या फेरीला कानामागं घाम येतो. पंधराव्या फेरीला वाक्याच्या शेवटचा शब्द जरा पातळ होतो, क्रियापदाला दम कमी पडतो. तिथं चाल हळू करायची. छातीतली तार ओढते ते दुखणं वेगळं, ते वरवरचं, आणि आतलं दाटणं वेगळं. आधी मला दोन्ही एकच वाटायची आणि मी दोन्हीला घाबरायचो. आता वेगळी ओळखता यायची.

पण एकदा कान तयार झाला की तो फक्त स्वतःपुरता राहत नाही. मला मन्मथची वाक्यंही मोजता यायला लागली. सुरुवातीला त्याचं पंधरा-सोळा शब्दांचं वाक्य सहज यायचं. मेच्या पहिल्या आठवड्यात ते दहावर आलं. मग आठ. एके दिवशी ड्रमाला त्यानं नुसतं "कळतंय बरं सगळं" एवढंच सुनावलं आणि नंतर नाकानं श्वास ओढल्याचा आवाज आला.

यावर मला काय वाटलं हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. मला आनंद झाला. मी जिंकतोय असं वाटलं. छाती फाडलेला मी, शिरा बदललेला मी आणि माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान असलेला तो माझ्या मागं पडत होता. मी मुद्दाम लांब वाक्यं रचायला लागलो. उपवाक्यं घालायचो. तो उत्तर द्यायला तडफडायचा आणि चाल वाढवायचा. चार दिवस मी हे केलं. रात्री झोपताना उद्याची वाक्यं मनात जुळवून ठेवायचो.

पाचव्या दिवशी सिद्धम्मा टँकरला निघताना म्हणाली, "भावजींचं लक्षण बरं दिसंना. काल भाकरी घ्यायला हात वर केला तर हात कापत व्हता. तुमी सांगा त्यास्नी, जरा थांबा म्हणावं."

"मी? त्याच्याशी बोलू?"

"मग काय खुंटा बोलणार हाय का?" असं म्हणून ती दोन घागरी घेऊन गेली.

मी चालायला लागलो. पलीकडं चपला सुरू झाल्या. आज त्या घासत होत्या, उचलल्या जात नव्हत्या. मी खुंट्याला काहीतरी फालतू सुनावलं, आता आठवतही नाही. पलीकडून उत्तर आलं.

"ड्रमा... मास्तरास्नी..." श्वास. "आज लई..." श्वास. "लई जोर..."

वाक्य पुरं झालं नाही. मी थांबलो. दोन शब्दांवर श्वास. केंद्रे मॅडमचं बोलणं मला तोंडपाठ होतं. थांबायचं, खाली बसायचं. त्याला कुणी हे शिकवलं नव्हतं. त्याला सांगायला पाहिजे होतं आणि सांगायला त्या घडीला जगात मी एकटाच होतो. गल्ली सगळी टँकरवर गेली होती.

आणि मी काय केलं? मी खुंट्याला सांगितलं. "खुंट्या, काही लोकांनी आता गपचूप खाली बसावं. त्यांच्यात दम राहिला न्हाई."

देवाशपथ, मी काळजीनं बोललो. पण तोंडाला वळण पडलेलं. आवाज तोच, सूर तोच, खुंटा तोच. रोज ज्या तोंडानं डिवचलं त्याच तोंडानं मी इशारा दिला. पलीकडच्यानं तो टोमणाच समजावा यात त्याची काय चूक?

"दम..." पलीकडून आलं. "बघूच की... कुणात..."

आणि चपला जोरात वाजायला लागल्या. तो पळायला लागला होता.

म्हशीच्या गव्हाणीवर मी चढलो. चढायला मनाई होती, हात टेकवायला मनाई होती, सगळं केलं. अकरा वर्षांनी भिंतीवरून पलीकडं बघितलं. मन्मथ केवढा म्हातारा झाला होता! सदरा पाठीला चिकटलेला, तोंड उघडं, ओठ राखेच्या रंगाचे, एक हात पुढं धरून तो वासरासारखा धडपडत चालला होता.

"मन्मथा!" मी ओरडलो. "मन्या! थांब! चालू नको, खाली बस!"

तो थांबला. इकडंतिकडं बघितलं, मग वर.

"मला... म्हणून राहिलास?"

"तुलाच. बस खाली. ड्रमाला टेक."

तो बसला. एवढं मोठं माणूस, पण लहानपणी मी दटावल्यावर बसायचा तसा मटकन बसला. मी खिशातली जिभेखालची गोळी काढली, आख्खी पट्टी भिंतीवरून फेकली. "एक जिभेखाली ठेव. गिळू नको." मग मी गल्लीकडं तोंड करून जी बोंब मारली ती टँकरपर्यंत गेली. टँकरवरचा दगडोबा पळत आला, भिंत ओलांडून उतरला, आतली कडी काढली. कुणाची तरी काळीपिवळी जीप आली. मन्मथला मागच्या बाकड्यावर निजवला आणि डोकं माझ्या मांडीवर घेतलं. सिद्धम्मा घागरी तिथंच टाकून पुढं बसली.

लातूर तासाभराच्या वाटेवर. दोन्ही बाजूंना पांढरी पडलेली रानं, कुठं हिरवं पान नाही. मन्मथनं डोळे उघडले.

"अण्णा," तो म्हणाला. अकरा वर्षांत हा शब्द मी ऐकला नव्हता. "अण्णा, अव्वाच्या... टायमाला..."

"बोलू नको."

"न्हाई, ऐक... अव्वानं..."

"बोलू नको म्हणतो ना! दम जाऊन राहिला तुझा." मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. मला ते ऐकायचं होतं. अकरा वर्षं त्याच्या तोंडून एक शब्द निघावा, माफी निघावी म्हणून मी जळफळत होतो. आणि आता तो सांगत होता तर मीच त्याचं तोंड दाबून बसलो होतो. त्याच्या नाकातून श्वास माझ्या बोटांवर लागत होता आणि मी तो मोजत होतो. त्यानं परत बोलायचा प्रयत्न केला नाही.

तो वाचला. एक स्टेंट जवळजवळ बंद झाला होता, तो मोकळा केला. डॉक्टर गोळ्या बंद केल्याबद्दल त्याला खूप बोलले आणि मी बाजूला उभा राहून मान हलवत होतो, जसा काही मी शहाणा. कुणी मला विचारलं नाही की हा पळत का होता.

पाचव्या दिवशी त्याला साध्या वॉर्डात आणलं. मी भाकरी आणि पातळ वरण घेऊन गेलो. तो उशीला टेकून बसला होता. रंग परत आला होता. बोलणं सुरू झालं म्हणून काय बोलायचं हे थोडंच येतं?

"गोळ्या का बंद केल्यास, गाढवा?" मी म्हणालो.

"तू कोण विचारणारा?" तो म्हणाला आणि भाकरी मोडायला लागला.

मी वाट बघितली. खाऊन झालं. मग मीच काढलं. "जीपमधी काय सांगून राहिला होतास?"

"काय न्हाई."

"अव्वाचं काहीतरी."

"राहू दे अण्णा. आता काय त्याचं?"

"मन्या, मी अकरा वर्षं वाट बघितली. सांग."

त्यानं ताट बाजूला सारलं. "त्या दिवशी मातीचा विधी करणारे स्वामी अकरालाच चला म्हणून राहिले व्हते. ऊन लई व्हतं. भावकी ताटकळली. मी कुणाचं ऐकलं न्हाई. चारपर्यंत धरून बसलो, अण्णा येणार, अण्णा येणार म्हणून."

हे मला माहीत नव्हतं. तरी मी म्हणालो, "पाचपर्यंत धरायचं होतंस."

"अव्वा तर अजिबात थांबू नका म्हणली व्हती."

"काय?"

"आदल्या दिवशी. जीभ जड झाली व्हती, पण सगळं स्पष्ट बोलली. म्हणली, भीमासाठी माझी माती अडवून ठिवू नका, तो येणार न्हाई."

मला राग आला. "मी का येणार नाही? मी तिचा थोरला लेक. असं कसं म्हणाली ती?"

"तुला खरंच आठवना? तूच म्हणाला व्हतास तिला. देगलूरच्या स्टँडवर."

मग आठवलं. दोन हजार तीन साल. अव्वा आमच्याकडं महिनाभर राहायला आली होती. सिद्धम्माशी तिचं काहीतरी वाजलं, मिठावरून का कशावरून, आणि ती पिशवी घेऊन स्टँडवर जाऊन बसली. मी शाळा सोडून मागं पळत गेलो. ती ऐकेना. गाडी लागली, ती खिडकीत बसली आणि मी खालून सगळ्या लोकांसमोर ओरडलो, जायचं तर जा, पण मेलीस तरी मी माती द्यायला येणार नाही. संध्याकाळी मी ते विसरलो. असली वाक्यं मी दिवसाला दहा बोलायचो, पोरांना, बायकोला, एसटीच्या कंडक्टरला. कुणी ती मनावर घेत असेल असं मला कधी वाटलंच नाही. पुढच्या दिवाळीला तिला लुगडंही पाठवलं होतं.

"हे त्याच दिवशी का न्हाई सांगितलंस?" माझा आवाज चढला. शेजारच्या खाटेवरचा माणूस वळून बघायला लागला. "शेतात मी तुला एवढं बोललो, भिंत घातली, तू गप राहिलास."

"काय सांगणार व्हतो? मातीपाशी उभा राहून तू रडून राहिला व्हतास. त्यात हे सांगू?" तो म्हणाला. "माझ्यावर चिडलास ते बरंच झालं."

मी खाटेची कड धरून बसलो. म्हणालो, "रागातलं बोलणं होतं रे ते. आईनं ते खरं धरायचं असतं का?"

मन्मथनं चादर छातीपर्यंत ओढून घेतली आणि डोळे मिटले.

"तू मास्तर ना," तो म्हणाला. "तिला वाटायचं, माझा भीमा बोलतो ते करतोच."